माफीनामा नको, बायोडेटा पाठवा

पत्र

ताई,

माझं वय ३९. वाणिज्य शाखेची पदवी आहे. एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये सात वर्षं काम केलं. मग नवऱ्याबरोबर छपाईचा छोटा व्यवसाय सुरू केला, तो तीन वर्षांनी बंद करावा लागला. त्याच सुमारास वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढची चार वर्षं त्यांचं सगळं मीच पाहिलं. दहा महिन्यांपूर्वी ते गेले.

आता सात महिने नोकरी शोधते आहे. २६ अर्ज केले, दोन मुलाखती झाल्या. पहिल्या मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हणाले. मी शाळेपासून सुरुवात केली आणि वडिलांच्या आजारापर्यंत पोचले तेव्हा डोळेच भरून आले. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, 'मधली चार वर्षं काय करत होतात?' मी म्हटलं, 'काही नाही, घरीच होते.' पुढे त्यांनी फारसं काही विचारलं नाही.

मैत्रीण म्हणते, व्यवसायाच्या तारखा चार वर्षं पुढे ओढ, कोण बघायला येतंय? दीर म्हणतो, बुडालेल्या धंद्याचं नावच काढू नको. मला दोन्ही पटत नाही आणि तिसरं काही सुचत नाही. बायोडेटा सोबत जोडला आहे.

— एक माजी स्टोअरकीपर

उत्तर

तुमचा बायोडेटा आधी वाचला आणि पत्र नंतर. बरं झालं, कारण बायोडेटा वाचून तुम्ही मला अजिबात दिसला नाहीत. चार पानं आहेत. पहिल्या पानावर जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद, आणि 'एका नामांकित संस्थेत माझ्या कौशल्यांचा पुरेपूर उपयोग करण्याची संधी मिळावी' हे वाक्य. हे वाक्य मी इतक्या बायोडेटांत वाचलंय, की आता डोळे आपोआप त्याच्या खालच्या ओळीवर जातात. आणि खालची ओळ काय, तर 'साठा व्यवस्थापनाची संपूर्ण जबाबदारी सांभाळली जात असे.' कोण सांभाळत असे? वाक्यात माणूसच नाही.

मग तुमचं पत्र वाचलं. वर छापताना ते आम्ही आटोपशीर केलंय, पण मूळ पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे. ती इथे तुमच्याच शब्दांत देते:

'स्टोअर्समध्ये वर्षातून एकदा मोजणी व्हायची. दोन दिवस सगळी देवघेव बंद ठेवायला लागायची आणि एवढं करून हिशेब जुळायचा नाहीच. मग मी रोज सकाळी पंचवीस-तीस वस्तू मोजायला घेतल्या. महागडे सुटे भाग महिन्यातून एकदा, नटबोल्टसारखं किरकोळ सामान वर्षातून दोनदा. तिसऱ्या वर्षापासून मोजणीसाठी स्टोअर्स बंद ठेवावं लागलं नाही. हे उगाच सांगतेय, तेव्हा कामाला जायला मजा यायची म्हणून.'

अहो, हे उगाच नाही! या पद्धतीला सायकल काउंटिंग म्हणतात. किमतीच्या मानाने सामानाचे गट पाडून महाग ते वरचेवर मोजायचं, याला एबीसी वर्गवारी म्हणतात. तुम्ही ज्या 'इन्व्हेंटरी कोऑर्डिनेटर'च्या जाहिरातीचं कात्रण पाठवलंय, तिच्यात हेच दोन शब्द तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत आहेत. कुणी न सांगता तुम्ही हे स्वतः बसवलंत, आणि चार पानांच्या बायोडेटात त्याचा उल्लेख नाही. छंदांत 'वाचन, प्रवास' मात्र आहे.

मग तुमचा खरा घोळ मधल्या चार वर्षांत नाहीच, तो आधीच्या सात वर्षांत आहे. ती सात वर्षं तुम्ही इतकी पुसट लिहिली आहेत, की वाचणाऱ्याला कागदावर ठळक असं एकच काहीतरी दिसतं, ते म्हणजे ती चार वर्षं.

असं का होतं तेही मला माहीत आहे. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं असतं. मग 'मी केलं'च्या जागी 'आम्ही केलं' येतं, पुढे 'केलं जात असे' येतं, आणि शेवटी 'विविध जबाबदाऱ्या' नावाचं गाठोडं तेवढं उरतं. पण 'मी कामात फार हुशार आहे' ही स्तुती झाली. 'मी रोज तीस वस्तू मोजायचे' ही माहिती आहे. माहिती द्यायला लाजायचं कारण नाही, समोरचा तीच मागतोय.

तर ती ओळ आपण पुन्हा लिहू. तुमची आहे ती अशी: 'साठा व्यवस्थापनाची संपूर्ण जबाबदारी सांभाळली जात असे.' तिच्या जागी हे लिहा:

'सुट्या भागांच्या स्टोअर्समध्ये रोजच्या मोजणीची (सायकल काउंटिंग) पद्धत सुरू केली. किमतीनुसार वस्तूंची एबीसी वर्गवारी केली. तिसऱ्या वर्षापासून वार्षिक मोजणीसाठी स्टोअर्स बंद ठेवण्याची गरज उरली नाही.'

यात बढाईचा एक शब्द नाही. आधी काय होतं, तुम्ही काय केलंत आणि त्याने काय बदललं, एवढंच आहे. सात वर्षांच्या कामातून अशा चार-पाच ओळी काढा. आठवायला बसलं की काही आठवत नाही, म्हणून उलट बाजूने जा. तुम्ही रजेवर असलात की काय अडायचं? लोक तुमच्या टेबलापाशी काय विचारायला यायचे? तुम्ही नोकरी सोडल्यावर कशासाठी फोन आले? फोन आलेच असतील. स्टोअरकीपर गेल्यावर पहिले दोन महिने 'ती अमुक फाइल कुठे आहे' हे विचारणारे फोन येतातच. त्या फोनांत तुमच्या कामाचं वर्णन आहे. आकडा नेमका आठवत नसेल तर 'सुमारे' लिहा. 'सुमारे दोन हजार वस्तू' हे 'मोठ्या प्रमाणावरील साठा' यापेक्षा कधीही बरं.

आता मैत्रिणीचा सल्ला. तारखा ओढू नका. नैतिकतेचा पाठ देत नाही, पण नोकरी देण्याआधी जी पडताळणी होते, तिच्यात सगळ्यात आधी दोनच गोष्टी बघतात: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत होतात आणि कुठल्या पदावर. बाकीचं विचारतात किंवा विचारत नाहीत. नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी जरी हे उघडकीस आलं तरी तेवढ्यावर काढून टाकता येतं, आणि मग पुढच्या ठिकाणी सांगायला आणखी अवघड गोष्ट तयार होते.

मी स्वतः बरीच वर्षं मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे. एकदा हिशेब विभागासाठी एक माणूस आम्हाला इतका आवडला होता, की पगाराचं बोलणंही झालं. पडताळणीत कळलं की आधीची नोकरी त्याने अकरा महिने लांबवून लिहिली होती. ते अकरा महिने तो बेकार होता, इतकंच. त्या बेकारीचं आम्हाला काहीच नव्हतं, विचारलंही नसतं. पण ज्याने अकरा महिने वाढवले, त्याच्या हाती हिशेब कसे द्यायचे, या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. निवड रद्द झाली. तो माणूस अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

दिराचा सल्ला तर साधा गणितातच चुकतोय. व्यवसाय लपवलात तर चार वर्षांची पोकळी सात वर्षांची होते. आणि लपवायचं काय त्यात? तुम्हाला खरेदी आणि साठा यांतलं काम हवंय. तीन वर्षं तुम्ही स्वतःच्या पैशाने कागद विकत घेतलात, भाव केलात, उधारी वसूल केलीत, कुठला पुरवठादार शब्द पाळतो आणि कुठला नाही हे स्वतःच्या खिशाला चाट बसवून शिकलात. हे अनुभव म्हणूनच लिहा: 'छपाई व्यवसाय, भागीदार: कागद खरेदी, दरपत्रकं, वसुली.' बंद का पडला असं विचारतीलच. तुम्ही मला लिहिलंय की निम्म्याहून जास्त काम एकाच ग्राहकाचं होतं आणि तो गेला. मग तसंच सांगा: 'एकाच मोठ्या ग्राहकावर आम्ही फार अवलंबून होतो. तो गेल्यावर सहा महिने प्रयत्न केले, मग सगळ्यांची देणी चुकवून बंद केला.' देणी चुकवली हे आवर्जून सांगा. धंदा बंद पडला एवढं ऐकून लोक विसरतात, देणी चुकवून बंद केला हे लक्षात राहतं. त्यांच्या मनात आणखी एक शंका असते, ती ते बोलून दाखवत नाहीत: स्वतः मालक असलेली व्यक्ती दुसऱ्याच्या हाताखाली रमेल का? म्हणून तुम्हीच एक वाक्य जोडा की तीन वर्षांत कळलं, ग्राहक शोधत फिरण्यापेक्षा मला मालाच्या हिशेबातच जास्त गोडी आहे. तुमचं पत्र वाचून मला तरी हे खरं वाटतं. खोटं असेल तर म्हणू नका.

आता ती चार वर्षं. इथे तुम्हाला गोड काही सांगून फसवणार नाही. खंड पडलेल्या माणसाकडे नोकरी देणारे थोडं तिरकंच बघतात. अमेरिकेतल्या एका समाजशास्त्रीय अभ्यासात, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, सारख्याच पात्रतेचे काल्पनिक अर्ज पाठवून पाहिले होते. मुलांना सांभाळण्यासाठी स्वतःहून नोकरी सोडली असं ज्यांच्या अर्जात होतं, त्यांना आलेली बोलावणी नोकरी गेल्यामुळे बेकार असलेल्यांच्या मानाने साधारण निम्मीच होती. दोघांचाही खंड सारखाच होता, पण 'घरासाठी सोडली' असं दिसलं की वाचणारा मनात पुढचं वाक्य जोडतो, 'म्हणजे पुन्हा सोडेल.' तुमचं कारण वेगळं आहे, पण शंका तीच येणार. त्यामुळे तुम्ही कामापासून दूर का होतात याचं वर्णन दोन शब्दांत आटपा आणि ते कारण आता उरलेलं नाही, यावर भर द्या.

दुसरा अभ्यास जरा दिलासा देणारा आहे. ब्रिटनमध्ये नऊ हजारांवर नोकरीदात्यांकडे अर्ज पाठवून केलेला प्रयोग, २०२३ मध्ये नेचर ह्यूमन बिहेव्हिअर या नियतकालिकात छापून आला. नोकरीच्या तारखा देण्याऐवजी 'या कामाचा इतक्या वर्षांचा अनुभव' असं लिहिलेल्या बायोडेटांना सुमारे ८ टक्के जास्त प्रतिसाद मिळाला. ८ टक्के म्हणजे जादू नाही, पण फुकटात मिळतायत. तुमच्या बायोडेटात वरच लिहा: 'स्टोअर्स व साठा नियंत्रण – ७ वर्षं. खरेदी व वसुली, स्वतःचा व्यवसाय – ३ वर्षं.' यात खोटं काही नाही. कंपनीच्या अर्जात तारखांचा रकाना असेल तर तिथे खऱ्या तारखा भरा, महिन्यासकट.

आणि खंडाची एक ओळ बायोडेटात राहू द्या. ती नसली की वाचणारा स्वतःच्या मनाने काहीतरी भरतो, आणि ते तुमच्या खऱ्या कारणापेक्षा वाईट असतं. लिंक्डइननेसुद्धा २०२२ पासून 'करिअर ब्रेक'साठी वेगळी जागा दिली आहे, इतकं ते आता रुळलंय. ओळ अशी: 'चार वर्षं: कुटुंबातील गंभीर आजारपणाची जबाबदारी. ती आता पूर्ण झाली असून पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध.' बस्स. काही जण हल्ली अशा काळाला 'गृहव्यवस्थापन प्रमुख' किंवा 'रुग्णसेवा प्रकल्प समन्वयक' वगैरे पदव्या लावतात. मला ते आवडत नाही. टेबलापलीकडचे लोक एकमेकांकडे बघून हसतात, आणि चार वर्षं वडिलांचं सगळं करणं हे काही हसण्यावारी नेण्यासारखं काम नाही.

मुलाखतीत तोंडी विचारतील तेव्हा दोन वाक्यं: 'वडिलांना अर्धांगवायू झाला होता, चार वर्षं त्यांची पूर्ण काळजी मी घेतली. ती जबाबदारी आता संपली आहे आणि मी लगेच रुजू होऊ शकते.' ते गेले, हे सांगायलाच हवं असं नाही. ही दोन वाक्यं घरी मोठ्याने म्हणा. भांडी घासताना, चालताना, वीस वेळा म्हणा. पहिल्या पाच वेळा घसा दाटेल, तो घरीच दाटून जाऊ द्या. एवढं करूनही तिथे डोळे भरले तर पाणी प्या, 'एक मिनिट' म्हणा आणि पुढे बोला. त्यावरून कुणी नाकारत नाही. 'काही नाही, घरीच होते' यावर मात्र नाकारतात, कारण त्यात तुम्हीच तुमच्या नावावर काट मारलेली असते.

'स्वतःबद्दल सांगा' हा प्रश्न म्हणजे जन्मापासून सांगा अशी विनंती नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की या कामासाठी आम्ही तुमच्यात काय बघायचं ते तुम्हीच आधी सांगून टाका. मिनिट-दीड मिनिट पुरे. तुमच्यासाठी एक मसुदा केलाय:

'माझं मुख्य काम स्टोअर्स आणि साठ्याचं. सात वर्षं एका कारखान्यात सुट्या भागांचं स्टोअर्स पाहिलं. तिथे वर्षातून एकदा मोजणीसाठी दोन दिवस काम थांबायचं, ते मी रोजच्या मोजणीवर आणलं आणि तिसऱ्या वर्षापासून थांबवायची गरज राहिली नाही. नंतर तीन वर्षं आमचा छपाईचा व्यवसाय होता, त्यात खरेदी आणि वसुली माझ्याकडे होती. मधली चार वर्षं घरातल्या आजारपणामुळे मी बाहेर होते, ते आता संपलंय. तुमच्या जाहिरातीत तीन गोदामांच्या साठ्याचा मेळ घालायचं काम आहे असं वाचलं. मला त्याबद्दल जास्त ऐकायला आवडेल, कारण मेळ न बसणं ही माझी जुनी ओळखीची गोष्ट आहे.'

शेवटच्या वाक्यात चेंडू त्यांच्याकडे गेला. आता ते गोदामांबद्दल बोलतील आणि तुम्ही तुमच्या घरच्या मैदानावर असाल. पाठ करू नका, पाठ केलेलं लगेच कळतं. मुद्दे लक्षात ठेवा, शब्द त्या वेळी येतील ते येऊ द्या.

एक उणीव मात्र खरी आहे, आणि ती समोरच्याच्याही लक्षात येईल. तुम्ही स्टोअर्स सोडून सात वर्षांहून जास्त झाली आणि तुमच्या पत्रातल्या कहाणीत बिन कार्ड (कप्प्याला लावलेलं आवक-जावकीचं नोंदकार्ड) आणि रजिस्टर आहे. आता बहुतेक ठिकाणी साठा संगणकावर असतो. स्प्रेडशीटमध्ये पिव्हट टेबल (लांबलचक यादीचा गोषवारा काढणं), व्हीलुकअप (एका यादीतली माहिती शोधून दुसरीत आणणं) हे हात बसेपर्यंत करा. एखाद्या ईआरपी प्रणालीत, म्हणजे कंपनीची खरेदी, साठा, हिशेब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, माल आवक, जावक, शिल्लक कशी नोंदवतात तेही बघून घ्या, काही प्रणाली चाचणीपुरत्या मोफत वापरता येतात. महिनाभराचं काम आहे. जे खरंच केलंत तेवढंच लिहा. मुलाखतीत समोर लॅपटॉप सरकवून 'दाखवा बरं' म्हणणारे लोक मी पाहिलेत, त्यांतली एक मीच.

बाकी किरकोळ. चार पानांची दोन करा. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद मागितले नसतील तर काढा. तुमच्या बायोडेटात दोन रकान्यांचा तक्ता आहे, तो काढून सरळ ओळी ठेवा. अनेक कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि तक्त्यातला मजकूर त्याला कधी कधी उलटसुलट दिसतो. स्कॅन केलेला फोटो पाठवू नका, अक्षरं निवडता येतील अशी पीडीएफ पाठवा. जाहिरातीत जे शब्द आहेत तेच, तुमच्या बाबतीत खरे असतील तिथे, वापरा. २६ ठिकाणी एकच बायोडेटा गेलाय, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी मी ओळखलं. पुढच्या सहा ठिकाणी तरी वरच्या पाच ओळी जाहिरात समोर ठेवून बदला.

आणि संदर्भ म्हणून तुम्ही स्टोअर्समधल्या तुमच्या जुन्या साहेबांचं नाव दिलंय. त्यांना विचारलंयत का? तसं काही लिहिलेलं नाही. आधी फोन करा. इतक्या वर्षांनी अचानक कुणा अनोळखी माणसाने 'अमुक बाई कशा होत्या' विचारलं तर भला माणूसही 'चांगल्या होत्या' यापलीकडे काही बोलू शकत नाही. कुठल्या पदासाठी प्रयत्न करताय ते त्यांना सांगा, रोजच्या मोजणीची आठवण करून द्या. तुम्ही सुरुवात केलीत त्या वर्षी हिशेबात किती रकमेचा फरक निघाला होता आणि तुम्ही सोडलंत तेव्हा किती राहिला होता, हे तुम्हाला आठवत नाही असं लिहिलंय. त्यांना आठवत असेल. तो फरक वरच्या साहेबांपुढे जाऊन समजावून सांगणं दर वर्षी त्यांच्याच वाट्याला यायचं ना? तोच आकडा विचारून घ्या. तो बायोडेटाच्या पहिल्या ओळीत जाईल.